वाचनालयाची प्रश्नचिन्हं

३ फेब्रुवारी, सोमवार
सगळी पुस्तकं गेली! म्हणजे कपाटात आहेत, संगणकावर नाहीत. शनिवारी वाचनालयाचं सॉफ्टवेअर अपडेट केलं — आज प्रत्येक मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कर्जतच्या या वाचनालयात मी एकटीच ग्रंथपाल, आणि चौदा तारखेला सरकारी तपासणी. यादी दिसली नाही तर वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग जाणार, मागोमाग माझी नोकरी.

हे सॉफ्टवेअर आमच्या अध्यक्षांनी, अण्णांनी आणलेलं. "फुकट ते पौष्टिक, आसावरी! जगभरातले लोक मदतीला असतात." तर जगभरातल्या लोकांना इंटरनेटवरच्या त्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. वर इंग्रजीत, खाली मराठीत. 'कृपया' दोनदा.

४ फेब्रुवारी
जग झोपलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
उत्तर आलं! "आवृत्ती कोणती?" सांगितली. तो गायब. दुसरा म्हणाला, इथे नाही, शेजारच्या विभागात विचारा. तिथे विचारलं. तिसरा म्हणाला, हे आधीच विचारून झालंय — आणि सोबत लिंक. उघडली तर माझाच सोमवारचा प्रश्न! नव्या प्रश्नाला त्याने कुलूप लावलं. चौथ्याने या कामगिरीबद्दल त्याचे आभार मानले.

अण्णा विचारत होते, "काय म्हणतंय जग?" म्हटलं, तब्येतीने बरं आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
स्टेशनबाहेर एक बाई रिक्षावाल्यांना विचारत होत्या, शेलू कुठल्या स्टेशननंतर येतं. कुणी ढुंकून बघेना. मग त्यांच्यातला नामा म्हणाला, "वांगणी झाली की शेलू." झालं! सगळी रांग उठली. "येडा का रं नामा? नेरळ झालं की शेलू! वांगणी त्याच्या पुढं हाय!" एकजण तर बाईंना गाडीपर्यंत सोडून आला.

विचारणाऱ्याला कुणी नाही, चुकणाऱ्याला अख्खा नाका!

घरी येऊन फोरमवर 'अण्णा, कर्जत' नावाचं खातं उघडलं. त्यांना सांगितलं नाही. खातं म्हटलं की त्यांना बँकच आठवते. माझ्या सोमवारच्या प्रश्नाखाली अण्णांचं धडधडीत चुकीचं उत्तर — यादीची जुनी डेटा फाइल उडवा, सॉफ्टवेअर पुन्हा टाका, मराठी आपोआप दिसेल. इंग्रजीत आणि मराठीत.

९ फेब्रुवारी
मोहोळ उठलं! "मूर्ख सल्ला!" "काहीही उडवू नका!" "या अण्णाला बोलू कुणी दिलं?" आणि या सगळ्या इंग्रजी शिव्यांच्या मधोमध खरा उपाय — फक्त एक सेटिंग बदलायची. बदलली. पुस्तकं परत! टेबलावर डोकं ठेवून रडले, खोटं कशाला लिहू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तपासणी पार पडली. साहेब खूश, वर्ग शाबूत, नोकरी शाबूत. अण्णा भाषणात म्हणाले, "जगात अजून माणुसकी आहे." मीही टाळ्या वाजवल्या. ते उत्तर फोरमवरून काढायचं राहिलंय. बघू उद्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अण्णांच्या त्या खात्यावर निरोप आलाय. खालापूरकडच्या एका वाचनालयातली हर्षला म्हणून कुणी. "अण्णा, मराठीतलं उत्तर एकच होतं, तुमचं. त्यात कर्जतचे, म्हणून धीर आला. सांगितलंत तशी जुनी फाइल उडवली. दुसरी प्रत नाही. पुस्तकं अजून दिसत नाहीत. परवा तपासणी आहे. पुढे काय करू?"

संध्याकाळ झाली. अण्णांचं ते उत्तर आत्ता फोरमवरून काढलं.