मेरेवरचा सराव

६ जुलै, रविवार

आंतोनचा वास्कोहून फोन. आमच्या सायकलवाल्यांत तो सगळ्यात जुना, त्यामुळे फोन कसला, हजेरीच. "तुजे पांय बरे. पूण तूं चिखलाक भियेता. अशेंच रावलें जाल्यार औंदूंय निमाणीच." यंदाही शेवटचीच येणार म्हणे. खोटं काय आहे त्यात?

गेल्या मोसमातलं मये डोळ्यांसमोरून जात नाही. तळ्याकाठच्या माळावर शर्यत, शाळेतल्या मुली 'बाई, बाई' ओरडायला आलेल्या. आणि त्यांच्या खेळाच्या बाई सायकल ढकलत पोचल्या तेव्हा मंडळी फिती गुंडाळत होती. भाऊ पिकअप भरून हळर्णची माणसं घेऊन आले होते. 'आमची सून सायकल चलयता' हे गावभर सांगून झालेलं. सासरे म्हणून एक शब्द बोलले नाहीत. फक्त लिंबूसोडा आणून दिला. शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

नि. म्हणतो, छंद तो छंद, एवढं मनाला काय लावून घ्यायचं. त्याला काय, तो शनिवार-रविवारचा नवरा, सोमवारी परत बंदरावर.

तर यंदा वेगळी पद्धत. डांबरावरचं लांबच लांब फिरणं बंद. घड्याळातले आकडे बघणं बंद. क्रॉसला, म्हणजे चिखलामातीतल्या शर्यतीला, लागतं ते करायचं: चालत्या सायकलवरून उतरणं, तिला खांद्यावर घेणं, धावणं, उडी मारून परत बसणं. आणि चिखल. इतकी वर्षं पोहायचं म्हणून मी काठावरून चालत होते.

९ जुलै

पंचायतीसमोरच्या मैदानात सुरुवात केली. चूक. बसची वाट बघणारे सगळे प्रेक्षक. एकजण, "बाई, पंक्चर?" दुसरा, "पंक्चर नाय रे. सायकल दमली, बाई तिका उखलून व्हरतत." मीही हसले. घरी येऊन न्हाणीत रडले. पस्तिशी उलटली, मुलींना रोज सांगते की पडण्याची लाज धरू नका.

उद्यापासून उजाडायच्या आत. आणि शेतात. तिथं कोण बघतंय.

१५ जुलै

जागा झकास सापडली. वर भाऊंचं शेत, खाली शेजारच्या पुंडलीककाकांचं, मधे मातीची मेर, पाणी अडवणारा बांध, चाकापेक्षा जेमतेम रुंद. मेरेवरून सायकल न्यायची, कोपऱ्यावर उतरायचं, खांद्यावर टाकून वरच्या कातळापर्यंत धावायचं. तिथून फिरून परत. दोन्हीकडे लावणी झालेली आहे, तेव्हा रोप तुडवायचं नाही एवढं पथ्य.

मागच्या वाटेनं जाते, म्हणजे कोणाच्या दारावरून जावं लागत नाही. भाऊंना वाटतं मी कोलवाळच्या रस्त्यानं जाते. सांगितलं असतं तर नको म्हणाले नसते. पण बघायला आले असते.

२२ जुलै

जमतंय!! आंतोनच्या सांगण्यावरून चाकातली हवा कमी केली. सायकल मेरेला धरून राहते. उतरताना आता विचार करावा लागत नाही, पाय आपोआप पडतो. अजून बसायची उडी कधी कधी फसते, मांडीवर निळं.

कोपऱ्यावर रोज तिथंच पाय पडून गवत झिजलंय, टक्कल पडलंय. ते बघून उगाचच अभिमान वाटला.

२९ जुलै

पडले. पुढचं चाक मेरेच्या कडेवरून घसरलं, सायकल खाली, मी वर. उठले तर कोपऱ्याचा लचका तुटलेला. टक्कल पडलेला तोच कोपरा. त्यातून पाणी काकांच्या शेतात झिरपायला लागलं.

हातांनी चिखल भरला. गवताचे गड्डे दाबले. थांबल्यासारखं वाटलं. तेवढ्यात काकांच्या गोठ्याकडे कंदिलासारखं काही हललं, कुत्रा भुंकला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, अशा अवतारात कोणी बघेल म्हणून सायकल उचलली आणि पळाले. इतकी चांगली कधी पळाले नव्हते.

मी डिचोलीच्या बाजारात वाढलेली, कापडाच्या दुकानदाराची मुलगी. मेर बांधताना बघितलंय, बांधलेली नाही. संध्याकाळी भाऊंना सांगायचं ठरवलं होतं. शाळेतून यायला उशीर झाला, पाऊस धो धो. ते झोपलेले. उद्या.

३० जुलै

रात्रीत मेर गेली.

भाऊंनी दोन दिवसांपूर्वीच खत मारलं होतं. पाणी आणि त्याबरोबर खत, सगळं खालच्या शेतात. शाळेला निघायच्या आधी अंगणात दोघांचे आवाज. मी स्वयंपाकघरात, खिडकी उघडी.

भाऊ: "पाणी वाट काढता ता खरा. पण आमी खत मारल्यावरच बरी काढल्यान."

पुंडलीककाका: "भाऊ, मी मेर फोडतलंय? माजा शेत भरान व्हावता, तुमचा पाणी माका कित्याक?"

"पाणी नाय, खत."

 शेतकऱ्याला चोर म्हणायचं झालं तर याहून वाईट शब्द नाही. दुसऱ्याचं खत मेर फोडून आपल्या शेतात घेणारा.

सांगणारच होते. चहा गाळला, बशीत पावाचे उंडे ठेवले, ट्रे घेऊन बाहेर गेले. म्हटलं कप हातात देता देता बोलून टाकू. भाऊ म्हणाले, "पुंडलीकाक दिव नुको." काका माझ्याकडे बघून थोडं हसले, बिचारे, जणू अपमान माझाच झाला होता. आणि वळून गेले.

मी ट्रे घेऊन परत आत. लाज वाटते लिहायलासुद्धा.

४ ऑगस्ट

डांबर. आकडे. जुनं सगळं. मेरेकडे पाऊल वळत नाही.

आं.चा फोन: "चिखलांतलें बंद कित्याक केलें?" गुडघा दुखतो म्हटलं. त्यानं लगेच कुठलंसं तेल सांगितलं, पाठवूनही देतो म्हणाला. भली माणसं त्रास देतात.

भाऊ गेले चार दिवस नवी मेर बांधतायत, या वयात, एकटे. दर वर्षी अशा कामाला काका असतात. मी मदतीला जाऊ का विचारलं. "तुका शाळा आसा."

१० ऑगस्ट, रविवार

वाड्यावरची माणसं म्हणाली, हे किटाळ देवासमोर फेडा. भाऊंना नाही म्हणता येईना. सकाळी देवळात गेलो, सगळे. नारळ ठेवला. गुरवाला बाजूला करून गाऱ्हाणं भाऊंनी स्वतःच घातलं.

"बा देवा म्हाराजा, मेर फुटली. दोन घरांत किटाळ इला. ज्येच्या हातान घडला त्येका बुद्धी दी, आणि त्येचा बरा कर."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज पुंडलीककाकांचा. ताठ उभे, हात जोडलेले. मी बायकांत मागे. तोंड मिटून ठेवायचं ठरवलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, गाऱ्हाणं झालं की तोंडातून निघतंच. व्हय म्हाराजा. माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं.

भाऊंचं मन मात्र केवढं. 'त्येचा बरा कर' म्हणाले. वाईट कर म्हणाले नाहीत, काकांचं नावही घेतलं नाही.

जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे.

२८ ऑगस्ट

काल गणपतीची चवथ. आमच्या आरतीला मातीचं घुमट वाजवायचं ते पुंडलीककाकांनी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून. काल आले नाहीत. घुमट खुंटीवरच. नि.ने काढून दोन थापा मारून बघितल्या, भाऊ म्हणाले, "ठेय ता." नुसत्या टाळांवर आरती. भाऊंनी मधली दोन कडवी गाळली.

आमची संपली आणि पलीकडून त्यांच्या घरातलं घुमट ऐकू आलं. भाऊ ते संपेपर्यंत तिथंच उभे होते, हातात आरतीचं ताट. नि. मला म्हणाला, एवढ्या खतासाठी बाबा असे कधी नव्हते.

त्यालाही सांगितलं नाही. आता सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की इतके दिवस का नाही सांगितलं. दर दिवसाला ते जड होत जातंय.

१४ सप्टेंबर, रविवार

मयेला सगळ्यांचा एकत्र सराव. चिखलात दोघीजणींना मागे टाकलं. उतरणं, उचलणं, बसणं, कुठं अडले नाही. शेताची एवढी सवय पायांत मुरली होती, मलाच माहीत नव्हतं.

आं. थक्क. "खंय शिकलें गो हें?"

"मैदानावर."

सगळे कौतुक करत होते. मेर मोडून शिकलेली विद्या. मी सोडा नको म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कापणी झाली. आंतोन जागा शोधत हळर्णला आला होता, मोसमातली पहिली शर्यत इकडे घ्यायची म्हणतो. भाऊ मला न विचारता: "आमचा शेत घेया." मी म्हटलं, अहो कशाला. ऐकतात थोडेच.

पण एका शेतात फेरी बसत नाही. खालचंही लागतं. नि. गेला काकांकडे, भीत भीत. परत आला. मग म्हणाला, विचारायच्या आधीच हो म्हणाले. "तुमची सून धांवतली मां? मगे इचारूक कित्याक होया?"

आणि आं.ने सायकलवरून उतरायची जागा कुठली निवडावी? ती मेर. भाऊंनी आता कोपऱ्याला चिरे बसवलेत. "हें बरें आसा," म्हणत तो त्यावर नाचून बघत होता.

२५ ऑक्टोबर

सांगितलं.

भाऊ अंगणात भात उलटवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, मेर मी मोडली. सायकलनं."

हात थांबले नाहीत. "म्हायत आसा."

मला वाटलं, ऐकू नीट आलं नाही. परत म्हटलं. तेव्हा थांबले.

"चाकाचो वळ होतो मातयेत. पुंडलीकाक बोललंय, मगे दुसऱ्या दिसा मेर बांधूक गेलंय तेवा दिसलो. फावड्यान पुसलंय."

"मग काकांना का नाही..."

"तोंडातसून गेल्ला परत खय घेवचा?"

मी म्हटलं, देवासमोर गाऱ्हाणं घातलंत. तर म्हणाले, "त्येचा नाव घेतलंय? आठव." आणि मला आठवलं. 'त्येका बुद्धी दी.' माझ्यासाठी मागत होते, मी मागे उभी असताना. आणि मी त्यांच्या मनाचा मोठेपणा लिहून ठेवला.

शेवटी म्हणाले, "आता गप रव. तू सांगलंस तर माका त्येच्या दारात उबा रवाक जमाचा नाय." माझ्याकडे न बघता. मयेला सोडा देताना जसे बघत नव्हते तसेच.

आता काय करू? एकटीची लाज होती तोवर सोपं होतं, म्हणायचं, मी मोडली. आता बोलले तर सत्तरीच्या माणसाला गावापुढे खोटं पाडते. नाही बोलले तर काका चोर. देवाकडे बुद्धी मागायची आणि सुनेला गप्प राहा म्हणायचं. दोन्ही त्यांनी मनापासूनच केलं असणार.

१५ नोव्हेंबर

उद्या शर्यत. फिती लागल्या. मुली येणार आहेत, फलक रंगवलाय म्हणे. भाऊंनी यंदा गावात कोणाला काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी फेरी बघायला गेले. पुंडलीककाका मेरेच्या उतारावर गवत पसरत होते. मला म्हणाले, "हय निसरडा आसा, बाय. फाल्यां मी हयच उबो रवतंय. पडतलो त्येका हात दितलंय." बोलायला तोंड उघडलं, तर आंतोन आला, वेळेचं काहीतरी विचारत. आणि मला बरं वाटलं तो आल्याचं. किती बरं वाटलं, हेच वाईट.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. नि. आंघोळीला. चाकातली हवा काढून झाली, एवढंच कामाचं. पाय तयार आहेत. मोसमासाठी जे जे बदलायचं ठरवलं होतं ते सगळं बदललं.

भाऊ सोप्यावर बसलेत, धुतलेला सदरा. मी विचारलं, "पुंडलीककाकांकडे जाऊन येऊ?"

सदऱ्याची गुंडी लावली. मग, "पयली शर्यत तरी जावंदी."

मी म्हटलं, ते मेरेवर मला हात द्यायला उभे राहणार आहेत, भाऊ. तो हात मी कशी धरू.

 भाऊ उठले, टॉवेल खांद्यावर टाकला. परत बसले.

सायकल दारात काढून ठेवलीय. मागच्या वाटेनं गेलं तर सरळ शेतात. पुढच्या वाटेनं काकांच्या दारावरून. दार उघडं आहे, इथून दिसतं.

भाऊ परत उठलेत. चपला शोधतायत. कुठं निघालात, ते मी विचारलेलं नाही.