दोरीवरची लुंगी

आये, मला जांघेत नायटा झाला होता. आता बरा आहे. पण झाला होता तेव्हा कुणाला सांगावं ते सुचत नव्हतं, आणि असं सांगण्यासारखं माणूस आठवायला गेले तर तूच आठवलीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज ऐकू यायला मला आधी तुझा राग आठवावा लागतो. लेक सासरी आहे, रोज फोन करते. तिला गुडघे दुखतात म्हणून सांगता येतं, हे नाही सांगता येत. तुझे जावई असते तर मी काही न सांगताच त्यांना कळलं असतं.

त्यांना झालेलं तुला आठवत असेल. कुंभिवलीच्या कारखान्यात भट्टीजवळ काम, जाड कापडाचा युनिफॉर्म, दिवसभराचा घाम, आणि तसंच कंपनीच्या बसमधून कर्जतपर्यंत यायचं. तू आमच्याकडे राहायला आली होतीस. ते अंगणात पाय फाकवून चालत होते आणि तू ओटीवर तांदूळ निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "जावईबापू, बदकावानी का चालताव?" ते लाजून मोरीत शिरले. मी तुला गप्प करायला लागले तर म्हणालीस, "घाम हाय तिथं खाज हाय. त्यात लाज कसली गं?" मग तूच कडुलिंबाचा पाला उकळलास, पाणी गार केलंस आणि बादली मोरीच्या दाराशी ठेवलीस. आल्या आल्या अंग धुवायचं, जांघ कोरडी पुसायची, ओल्या चड्डीत चहालासुद्धा बसायचं नाही. घरातला एकुलता एक पंचा तू माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "यो त्यांचा येगळा ठेव. सगळ्या घराला एकच पंचा, मंग सगळ्या घराला एकच खाज." ते बरे झाले तेव्हा तू म्हणालीस पाल्यानं, ते म्हणाले कंपनीच्या डॉक्टरच्या मलमानं. तो वाद तुम्ही दोघांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मला तो वाद फार आवडायचा.

त्याच्याही आधीची गोष्ट. मी नुकती शहाणी झालेली. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला आपलं घर, लावणी चालू, दिवसभर चिखलात आणि ओल्या लुगड्यात. माझे आतले कपडे मी कणगीच्या मागे वाळत घालायचे, कुणाला दिसू नयेत म्हणून. तू एक दिवस ते ओढून काढलेस, नाकाशी नेलेस आणि सरळ दारासमोरच्या कुंपणावर पसरलेस. वाटेनं माणसं जात होती. मी रडायला लागले. तू म्हणालीस, "लपवलेलं कापाड कुबट होतं, आनि मंग आंगाला खातं. सूर्य बघतो त्याला बघू दे." मी संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. रात्री मात्र पाऊस आला, तेव्हा तू पितळेच्या तांब्यात निखारे घेऊन बसलीस आणि माझं एकेक कापड पाटावर ठेवून त्या तांब्यानं दाबून कोरडं केलंस. ओल्या कापडातून वाफ निघते आहे, तुझं तोंड घामानं चमकतं आहे, आणि तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. तो तांब्या तू मला लग्नात दिलास. अजून आहे. बूड काळं आहे, मी ते कधी घासून काढलं नाही.

तुझे जावई गेले, त्यानंतर मी कळंबच्या बाजूला एका रिसॉर्टवर कपडे धुवायच्या कामाला लागले. तिथे खोल्यांमधून माणसं पुस्तकं विसरून जातात. मॅनेजर म्हणाला, घेऊन जा मावशी, रद्दीच आहे. चौथीत शाळा सुटलेली मी, आधी एक पान वाचायला मला एक संध्याकाळ लागायची, आता नाही लागत. दिवसभर मी परक्या माणसांचे पांढरे टॉवेल उघड्या माळावर लख्ख उन्हात टाकते. आणि घरी आले की माझे स्वतःचे कपडे लुंगीखाली.

लुंगीचं सांगायचं राहिलं. ते गेल्यावर आमच्या रस्त्यानं जमिनीचे एजंट फिरायला लागले. गाडी थांबवून विचारायचे, "मालक आहेत का?" एकदा दोरीवर ह्यांची निळी चौकड्यांची लुंगी होती, कपाट आवरताना धुतलेली. एजंटनं तिच्याकडे बघितलं, मी म्हणाले शेतावर गेलेत, आणि तो गेला. तेव्हापासून ती लुंगी रोज दोरीवर चढायला लागली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, घरात पुरुष आहे. आणि ती तिथे आहेच तर माझे आतले कपडे तिच्या खाली घालणं सोयीचं. बाईच्या कपड्यांवर काहीतरी झाकण असावं असं इथे सगळ्याच धरून चालतात, माझी थोरली जाऊसुद्धा साडीखालीच घालते. तिला मात्र लुंगीचं कळलं. एकदा कुंपणापलीकडून म्हणाली, "भावजींची लुंगी अजून सुकली नाय का गं?" मी म्हणाले, जाड कापड आहे. ती गेली. मी बराच वेळ दोरीला धरून उभी होते.

यंदा पाऊस जायचं नाव घेईना. आधी पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्याकडे मी बघितलं नाही. मग जांघेत खाज, मग लाल गोल चट्टा, कडेनं पुरळ. तुझं आठवून टाकळ्याचं बी आंबट ताकात भिजवलं, वाटून लावलं. आये, तू ते किती लावायचीस, कसं लावायचीस, मी कधी नीट विचारलंच नव्हतं. कातडी सोलली, दोन पायांवर धड उभं राहवेना. पाल्याच्या पाण्यानं गार वाटायचं, पण तेवढंच. मग नाक्यावरच्या मेडिकलमधून मलम आणलं. मुलीला हवंय म्हणून सांगितलं. चार दिवसांत खाज गेली, मी मलम बंद केलं, आणि ती दुप्पट होऊन परत आली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी खोक्यातला कागद उलगडला आणि ह्यांचा चष्मा लावून वाचत बसले. बारीक अक्षर, निम्मं कळलं नाही. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये, एवढं कळलं.

कर्जतला एक डॉक्टरीण आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, गुडघे दुखतात. तिनं गुडघे दाबून बघितले, गोळ्या लिहिल्या. मी उठले, दारापर्यंत गेले. तिनं मागून विचारलं, "मावशी, गुडघ्यानं असं चालत नाही कोणी. अजून काय होतंय?" मला एकदम तुझं बदक आठवलं. परत येऊन बसले आणि सांगितलं.

तिनं तपासलं. माझं मलम बघून मान हलवली. म्हणाली, यात स्टेरॉइड आहे, ते खाज दाबतं आणि बुरशी वाढू देतं. ताक, लिंबू, लसूण, काहीही सोललेल्या कातडीवर लावू नका. साखर तपासायला लावली, ती ठीक निघाली. दुसरं मलम दिलं, पायाच्या बोटांनासुद्धा लावायला सांगितलं, नाहीतर तिथूनच परत वर येतं म्हणाली. चट्टा दिसेनासा झाला तरी ती सांगेल तोवर थांबवायचं नाही. सुती, सैल कपडे, रोज धुतलेले, टॉवेल वेगळा, अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच कपडा. मी म्हणाले, हे सगळं मला माहीत आहे, माझी आई सांगायची.

"मग कपडे कुठे वाळवता?"

"दोरीवर."

"उन्हात?"

"लुंगीखाली."

"कोणाच्या?"

तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ती लुंगी दोरीवरून काढावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुंगी काढली, घडी घातली, कपाटात ठेवली. माझे कपडे दोरीवर एका ओळीत लावले, मधे काही नाही, वर काही नाही. ऊन होतं. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, दुधाचे कॅन वाजले, तो माणूस काही बघितल्यासारखा दिसला नाही. तरी मी दार लावून आत बसले. माझ्या घरात पुरुष नाही हे रस्त्यावरून दिसत असेल, एवढंच मनात येत होतं. दुपारी जाऊ आली. दोरीपाशी थांबली, मग दार ढकलून म्हणाली, "सुकली वाटतं." मी हो म्हणाले. तिनं चहा मागितला. आम्ही दोघींनी बशीतून चहा प्यायला.

ढगाळ दिवसांत मी तुझा तांब्या काढते. इस्त्री आहे घरात, विजेची. पण निखारे घालून कापड दाबताना तुझ्यासारखंच माझं तोंड घामेजतं, आणि तेवढा वेळ कुणीतरी माझ्यावर रागावलेलं आहे असं वाटतं. ते बरं वाटतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मीच तुझ्याकडे यायची राहिले. पण एक सांगून टाकते. नायटा गेला, डॉक्टरीण म्हणाली आता काही नाही. माझे कपडे उघड्या उन्हात असतात. मात्र शनिवार-रविवारी, रस्त्याला गाड्या वाढल्या की मी ती लुंगी पुन्हा बाहेर काढते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, एकटीच घालते. ती कपाटातून कोरडीच निघते. मी आधी ती पाण्यातून काढते आणि पिळते. वाळायला तिच्यात काहीतरी असायला हवं.