वरच्या दिव्याचा ट्रस्ट

थोझामा वन्संना, माझ्या सासरच्या थोरल्या लेकीला, भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले की उठायला टेबल धरावं लागतं, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समजा.)

गुडघे कसे आहेत? साखर उतरली का? शेजारणीचा तो कोंबडा मेला की अजून तुम्हाला पहाटे उठवतो? आमच्याकडे त्सोलोत वरचा दिवा चार दिवस दिसलेला नाही, धुणं दोरीवर कुजतंय. बाकी बरं चाललंय. काही मागायला लिहीत नाही, गैरसमज नसावा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सावकाश वाचा.

मामंजींनी मरायच्या आधी तो ट्रस्ट केला होता, आठवतो ना? मला तो आजही नीट कळलेला नाही. दुकान आणि मागच्या खोल्या कुणा माणसाच्या नाहीत, कागदाच्या आहेत, आणि कागदात ज्यांची नावं त्यांनाच तिथं राहायचा हक्क, एवढं कळतं. मामंजी गेले, कागद राहिला. मग या घरात माणसं मेली, जन्मली, पळून गेली, पण कागदाला कुणी कळवलंच नाही. त्यामुळे तुमचे मधले भाऊ, म्हणजे आमचे हे, जमिनीखाली असूनही ट्रस्टी आहेत. तुमच्या भाच्याची, झ्वेलाखेची पहिली बायको ड्रायव्हरबरोबर गेली, ती कागदावर अजून सुखानं नांदते आहे. आणि माझ्या लेकीच्या, फुमेझाच्या मागे राहिलेली लाथिता, जिच्या हातचा चहा मी रोज पिते (पाणचट करते, पण करते), तिचं नाव कुठंच नाही. उद्या माझे डोळे मिटले की पोरीला मागच्या खोलीतून कुणीही उठ म्हणेल. झ्वेलाखे ट्रस्टी म्हणून सही करायला तयार आहे. म्हणजे आज आहे. त्याची नवी बायको अजून विचार करते आहे, तिचा विचार पुरा व्हायच्या आत हे उरकायला हवं.

म्हणून वकीलबाईकडे गेले. पोरगी आपल्याकडचीच, पण टाचा इतक्या उंच की खाली वाकून बोलल्यासारखी बोलते. तिनं कागद चाळला आणि विचारलं, "आजी, दुसरी ट्रस्टी ही नोक्वाखा कुठं असते?"

"ही काय, तुझ्यासमोर बसलीय."

"तुमच्या ओळखपत्रावर तर एव्हलीन आहे."

"ते शाळेतल्या बाईंनी ठेवलं. माझं खरं नाव त्यांच्या तोंडात बसेना. शाळेत दोन वर्षं गेले, तेवढंच काय ते मिळालं."

"मग नोक्वाखाला घेऊन या. नाहीतर तिच्या मृत्यूचा दाखला आणा."

आता माझ्याच मरणाचा दाखला आणायला मी रांगेत उभी राहू का? पुष्कळ हुज्जत घातल्यावर तिनं वाट सांगितली. पोलीस ठाण्यात शपथ घ्यायची, की लग्नात सासऱ्यांनी नोक्वाखा नाव दिलं ती बाई मीच. सासऱ्यांचं नाव मोठ्यानं घेऊन.

तिथंच घोडं अडलं. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्या नावासारखा दुसरा शब्दसुद्धा तोंडात आणायचा नाही, म्हणून दिवसा आकाशात जो तापतो त्याला मी पन्नास वर्षं वरचा दिवा म्हणत आले. हे तुम्हाला काय सांगायचं? पहिल्याच दिवशी मी चुकते का ते ऐकायला तुम्हीच दारामागे उभ्या होतात.

ठाण्यातला शिपाई म्हणाला, "म्हणा आजी, मला हे नाव माझे सासरे... पुढं?"

"पुढचं तू म्हण."

"शपथ तुमची आहे. घेऊन टाका नाव, म्हातारबुवा कुठं ऐकताहेत?"

"तुझ्या आईला विचार, ती सांगेल कुठं ऐकताहेत ते."

लाथिता शेजारीच होती. ती पडली लेकीची लेक, तिला कसली आडकाठी! तिनं ते नाव खणखणीत घेतलं (मी कानांवर हात ठेवले). पण जिच्या फायद्याचं काम तिची शपथ चालत नाही म्हणे. झ्वेलाखे तर माझ्या लग्नात जन्मलाच नव्हता, तो काय पाहिल्याची शपथ घेणार? शेवटी कंटाळून मी म्हटलं, "लिही बाबा, वरचा दिवा." त्यानं मन लावून लिहिलं. कागद वकीलबाईकडून वरच्या ऑफिसात गेला आणि परत आला. आता त्यांना नोक्वाखा हवी आहे, शिवाय श्री. वरचा दिवा यांचं ओळखपत्रही हवं आहे.

मी थकले, वन्सं. एवढ्यात दोनदा मरून झालं असतं. असो. आपल्या ईस्ट लंडन बंदराच्या (साहेबाचं लंडन वेगळं) हवेत स्वतःला जपा.

तुमची भावजय,
नोक्वाखा (किंवा एव्हलीन, दोघींपैकी जी सापडेल ती)

ता. क. फुमेझाच्या मयतात तुमचं तीन पायांचं बिडाचं भांडं मी लपवलं असं तुम्ही गावभर सांगितलंत, आणि तेव्हापासून इथं पाऊल ठेवलं नाहीत. मी ते लपवलेलं नाही. माझ्या पलंगाखाली आहे. बसनं नुसतं भांडं पाठवता येत नाही, माणसाला येऊन न्यावं लागतं.

ता. क. आलात की वाटेत पोलीस ठाणं आहे. तुम्ही जन्माच्या लेक, बापाचं नाव कितीदाही घ्या. माझं नाव ठेवलं तेव्हा तिथं असलेलं तुमच्याखेरीज कुणी उरलेलं नाही. मामंजी म्हणाले होते, "हिचं नाव नोक्वाखा, ही घर बांधील." आणि तुम्ही सगळ्यांदेखत हसलात, "हिला डोक्याचा रुमाल धड बांधता येत नाही, घर काय बांधणार!"

ता. क. ठाण्यात विचारतील, ही तीच कशावरून? खोटं काही सांगू नका. रुमाल अजून तसाच सुटतो, एवढं शपथेवर सांगा.