समोरच्या गाडीचा नमस्कार

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या इतिहासाला पुरावा लागला तर असावा. विनाचालक बसवर नेमलेला पहिला अनुभवी माणूस मी. बढतीच म्हणायची. पगार तोच आहे, पण बढती. हुद्दा: सेफ्टी अटेंडंट. काम: ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ते आपलं आपण फिरतं. दिवसभर पाहिलं. गाडी बरी चालवते. वळणावर जरा शिष्टपणा करते.
निश्चय: तिला सगळं शिकवायचं.

५ मार्च
हिचा फोन. सुनेच्या बाळंतपणाला महिनाभर म्हणून ही मुलाकडे गेली, नात आता बालवाडीत जाते. म्हणाली, सोडा ती नोकरी आणि या इकडे. मी म्हटलं, माझ्यावाचून इथे गाड्यांचं पान हलत नाही. त्यावर विचारते कशी, की स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही ना? मुलगा नको ते सांगत बसतो. नवऱ्याच्या हुद्द्याचं कौतुक घरात कधी नसतंच.

९ मार्च, रविवार
सुट्टी. दिवसभरात एकच वाक्य बोललो, तेही कुकरला.
निश्चय: रोज फिरायला जाणे. उद्यापासून.

१२ मार्च, दुपारी
विलक्षण! आम्हा ड्रायव्हर लोकांत जुनी रीत आहे. समोरून आपल्या डेपोची गाडी आली की हात वर करायचा. समोरचाही करतो. घरी भांडण झालेलं असो नाहीतर अंगात ताप असो, हात वर जातोच. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणायचे, त्याच्याशी माझी दोस्ती सगळी काचेतूनच. खाली उतरून कधी धड बोललो नाही, तरी दोस्ती पक्की. आता ते सगळे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले, समोरच्या गाडीच्या सीटवर कोणी नसतं. पण जित्याची खोड! आज कालव्याच्या पुलावर हात वर गेलाच. तर समोरची गाडी सावकाश झाली, दिवे मिचकावले आणि मग पुढे गेली. देवाशपथ.

१३ मार्च
आज येईल त्या गाडीला हात केला. प्रत्येकीने वेग कमी केला, दिवे मिचकावले. यंत्राला माणसाची किंमत कळते. घरी येताना शीळ घालत होतो. हिला फोन करून सांगितलं. म्हणाली, जेवलात का.

१७ मार्च
डेपोत बोंबाबोंब. पुलावर गाड्या रखडतात, प्रवासी तक्रारी करतात. ऑफिसात बसून यांना काय कळणार? रस्ता खराब असेल.
फिरायला गेलो नाही. बूट चावतात.

२० मार्च
तपासासाठी इंजिनिअर मुलगी उद्या माझ्याच गाडीवर येणार. शेवटी आले ना माझ्याकडेच! शर्टाला इस्त्री केली. भाषण तयार. सल्लागाराचं पद आपण मागावं की त्यांनी देऊ करावं? त्यांनीच करावं, आपण आढेवेढे घेऊ.
हिचा फोन. घरात एक खोली रिकामी आहे, आता तरी कायमचे या म्हणाली. मी म्हटलं, अगं, महत्त्वाच्या घडामोडी आहेत, गाड्यांना सोडून येता यायचं नाही. ती म्हणाली, बरं.

२१ मार्च
मुलगी शेजारी उभी. मी ऐटीत हात वर केला. समोरची गाडी सावकाश झाली. मुलीने कपाळावर हात मारला. म्हणाली, काका, हा नमस्कार नाही. काचेमागे हात हलला की गाडीला वाटतं, कोणीतरी थांब म्हणतंय. ते दिवे सावधगिरीचे. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. बिचारी चांगल्या घरची असावी. सोमवारपर्यंत दुरुस्त करते म्हणाली.
म्हणजे बिघाड मीच. भाषण राहिलं.

२४ मार्च, सोमवार
हात वर केला. समोरची गाडी सरळ निघून गेली. तिच्या मागचीही. शिफ्ट संपेपर्यंत करत राहिलो. सगळ्या गाड्या वेळेवर. फार एकटं वाटलं. लिहायला लाज कसली, कोण वाचतंय!
निश्चय: जायचं. मान-अपमान गेला खड्ड्यात.

२४ मार्च, संध्याकाळी
फोन केला. येतो म्हणालो. ही गडबडली. म्हणाली, अहो, ती खोली सुनेच्या आईला दिली, कालच त्या सामान घेऊन आल्या. तुम्हीच म्हणालात ना, गाड्यांना सोडून येता यायचं नाही?
टोमणा मारतेय का, म्हणून कान देऊन ऐकलं. नाही. तिला ते खरंच वाटलं होतं. एवढ्या संसारात पहिल्यांदाच तिने माझं म्हणणं खरं मानलं.
मी म्हटलं, हो, तेही आहेच.