चौदा जणांचं टेबल

१ मार्च, रविवार
निर्णय पक्का. मागच्या अंगणात लाकडी पिकनिक टेबल बांधणार. स्वतःच्या हातांनी. चौदा जणांचं. दोन्ही बाजूंचे बाक टेबलाच्याच सांगाड्याला जोडलेले. म्हणजे जेवताना कुणी रागाने खुर्ची सरकवून उठायचा प्रश्न नाही.

२६ एप्रिलला लग्नाला पस्तीस वर्षं होतात. आम्ही दोघं, दादा-वहिनी, ताई-मेहुणे, कन्या-जावई आणि त्यांची दोन मुलं, शेजारचे सुतारकाका-काकू, चिरंजीव आणि सूनबाई. बरोबर चौदा.

हिला सांगितलं. ती म्हणाली, खुर्च्या आहेत की घरात. बायकांना दूरचं दिसत नाही.

४ मार्च
लाकूड आणलं. वखारवाला म्हणत होता, फळ्या ओल्या आहेत, दोन महिने वाळवा. माणसाला धंदा करायचाच नाही, त्याला कोण काय करणार? आजपासून रोज सकाळी सहाला उठून दोन तास काम.

५ मार्च
उठलो साडेआठला. पहिल्या दिवशी शरीराला कल्पना द्यावी लागते.

८ मार्च, रविवार
तीन तास करवत चालवली. दोन फळ्या कापून झाल्या. एक दुसरीपेक्षा चार बोटं आखूड. माझं माप बरोबर होतं, टेप सैल आहे.

सुतारकाका कुंपणापलीकडे उभे होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. काही बोलले नाहीत. कौतुक करायला मोठं मन लागतं.

१५ मार्च, रविवार
तळहाताला फोड. ताईचा फोन. मेहुण्यांना त्या आठवड्यात बाहेरगावी जायचंय, त्यामुळे दोघांचं जमणार नाही. बारा. उत्तम. ऐसपैस बसता येईल.

१९ मार्च
काका शेवटी कुंपण ओलांडून आलेच. म्हणाले, खालचे पाय बाकाच्याही बाहेर यायला हवेत, नाहीतर एकाच बाजूला माणूस बसला की अख्खं टेबल उलटेल. मी शांतपणे सांगितलं की हे डिझाइन मी व्हिडिओत बघितलंय, जगभर चालतं. ते पुन्हा तेच म्हणाले. दुसऱ्या खेपेला माझा शांतपणा कमी पडला. मी म्हणालो, तुमचा जमाना गेला. काका माझ्यासाठी रंधा ठेवायला आले होते, तो तसाच बगलेत धरून परत गेले.

दहा.

२९ मार्च, रविवार
टेबलाच्या फळ्या मधून खोलगट झाल्या. होडीसारख्या. सुरुवातीला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, हा फायदाच आहे. वाट्या घसरणार नाहीत.

५ एप्रिल, रविवार
ही पायरीवर बसून होती. बराच वेळ. मग तिने विचारलं, त्याला सांगितलंत का?

त्याला म्हणजे चिरंजीवांना. मी म्हणालो, तारीख त्याला माहीत आहे, पस्तीसपर्यंत मोजताही येतं. ती उठून आत गेली. हा विषय मी हत्यारं हातात असताना काढू देत नाही. हात चुकतो. आज चुकलाच, अंगठ्यावर हातोडी.

वास्तविक झालं काय होतं? दोन वर्षांपूर्वी घरी पाहुणे जेवायला होते आणि याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की बँकेतली नोकरी सोडून मुलांना पोहायला शिकवणार. मी म्हणालो, बुडालास तर या दारात येऊ नकोस. पोहणं, बुडणं. जोक होता. सगळे हसले. निदान मेहुणे हसले. याने ताट तसंच ठेवलं आणि सूनबाईला घेऊन गेला. तेव्हापासून आला नाही. विनोदबुद्धी आईकडची.

१२ एप्रिल, रविवार
कन्येचा फोन. भावाला तुम्ही स्वतः बोलावलं असेल तरच आम्ही चौघं येऊ, म्हणाली. अटी घालून जेवायला येणाऱ्यांची मला गरज नाही, असं मी सुनावलं. फोन ठेवल्यावर. चिरंजीव येणारच आहेत, म्हणजे हे चौघंही पक्के. दहा कायम.

१८ एप्रिल
टेबल पूर्ण! हात फिरवला तर कुसळं लागतात, पण लांबून बघण्यासारखं झालंय. हिला बाहेर बोलावलं. तिने बघितलं आणि म्हणाली, केवढं मोठं आहे हो. मी म्हणालो, मग! नंतर वाटलं, ती कौतुकाने म्हणाली नव्हती बहुतेक.

१९ एप्रिल, रविवार
दादा-वहिनी टेबल बघायला आले. दादा अडुसष्ट वर्षांचा, वजन शंभराच्या आसपास. पहिला मान तुझा, म्हणून मीच त्याला आग्रह केला. तो कौतुकाने बाकाच्या टोकाला टेकला. समोरचा बाक वर उचलला गेला. मी धरायला धावलो, पण पोचलो नाही. दादा पाठीवर पडला, आणि टेबलाची कड त्याच्या हातावर आली.

तो ओरडला नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाला, अरे, उचल ना.

मला एकट्याला उचलेना. वहिनी आणि ही, दोघी लागल्या. तरी हलेना. सुतारकाका कुंपणावरून उडी मारून आले, तेव्हा उचललं. काकांचं वय त्र्याहत्तर.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

२० एप्रिल
ऑपरेशन झालं. प्लेट घातली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलताहेत.

संध्याकाळी सगळे हॉस्पिटलात. ताई आली, मेहुणे काम अर्धवट टाकून आले. कन्या, जावई, मुलं. काका-काकू. आणि चिरंजीव, सूनबाई. नर्स म्हणाली, एवढी माणसं चालणार नाहीत. मी सवयीने मोजली. दादाला धरून चौदा. दादा कुठल्या तरी जुन्या गोष्टीवर हसत होता, सगळे त्याच्याभोवती टेकले होते, पलंगावर, खिडकीत, मुलं तर जमिनीवर. मी दारात थर्मास धरून उभा होतो. बस म्हणालं नाही कुणी. जागाही नव्हती.

चिरंजीव पॅसेजमध्ये आले. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे.

म्हणाला, "रविवारच्या जेवणाचं मला आज शेजारच्या काकूंकडून कळलं, बाबा."

मी म्हणालो, तारीख तुला माहीतच होती.

"तारीख माहीत होती. मला बोलावलंय हे माहीत नव्हतं."

उत्तर होतं माझ्याकडे. पण मी विचारलं, गाडीला जागा मिळाली का खाली? तो हो म्हणाला. मग आत गेला.

२२ एप्रिल
हिने रविवारचा बेत रद्द करून टाकला. मला विचारलं नाही. मी म्हणालो, पाय रुंद करून टेबल पुन्हा उभं करता येईल, काकांना विनंती करतो. तिने भाजी चिरायची थांबवली.

"दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी त्याच्याकडे जाते," ती म्हणाली. "दोन वर्षं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कुठे जातेस."

विचारलं नव्हतं, हे खरं आहे. मला वाटायचं, बहिणीकडे जाते. का वाटायचं, ते आठवत नाही.



२६ एप्रिल, रविवार
पस्तीस वर्षं. ही सकाळीच दादाकडे जेवण घेऊन गेली. दादाला डाव्या हाताने जेवता येत नाही, ती भरवते. मी येऊ का विचारलं, तर म्हणाली, आज नको.

अकराला चिरंजीवांना फोन लावला. ठेवला. पुन्हा लावला. मागे मुलांचा गलका, पाण्याचा आवाज. मी म्हणालो, आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. तो म्हणाला, हो, आईशी बोललो सकाळी.

मग मी सांगितलं, त्या दिवशी मी जोक केला नव्हता. मनापासून बोललो होतो, आणि ते चुकीचं होतं. हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं होतं, तरी वाचताना मधेच अडकलो. कुणी तरी लांबून 'सर, सर' म्हणून हाका मारत होतं. तो तोंड बाजूला करून म्हणाला, आलो, काठ सोडू नका. चांगलं बोलतो मुलांशी.

मी विचारलं, पुढच्या रविवारी जेवायला येशील का, दोघं?

"बघतो," तो म्हणाला.

एकतीस वर्षं ऑफिसच्या खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला मी हेच म्हणत आलो. बघतो म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको.