बाबा ‘छान’ म्हणाले त्याबद्दल

रोहा,
१४ जानेवारी

प्रिय रितेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही दोघं कसे आहात, हे विचारायचा धीर होत नाही.

पत्र बघून हसशील. पण तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजही उघडत नाहीस. शेजारच्या याकूबभाईंचा जुहेब सुट्टी संपवून शुक्रवारी परत तुमच्या दोह्याला निघालाय. त्याच्या हाती हे पाठवतेय. ‘रितेशच्या हातातच दे,’ असं त्याला बजावलंय.

इकडे थंडी बरी आहे. यंदा गडबच्या शेतात वाल चांगला आलाय. तुझ्या प्रवीणभावोजींची धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट बदलली, आता पहाटे जातात. बाबांना गुडघेदुखीमुळे गणपतीनंतर रोह्याला आणलं, असं मी तुला सांगितलं होतं.

ते खरं नव्हतं. त्यांचे गुडघे चांगले आहेत.

भाद्रपदात गडबहून हौसाआत्याचा फोन आला. म्हणाली, “गो नमे, तुझा बाप माझ्या दारात उभा राहून आपल्या दाराची कडी शोधीत होता. त्याला दिसत नाय गो.” मी त्याच दिवशी गेले आणि त्यांना पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं, आता गेलेली नजर परत येणार नाही. उजव्या डोळ्याला काहीच दिसत नाही. डाव्याला उजेड कुठून येतो तेवढं कळतं.

येताना एसटीत बाबा एकच बोलले. “रितेशला सांगू नको. आत्ता कुठं त्याचा संसार लागतोय. तो नोकरी टाकून येल.” मी म्हटलं, किती दिवस लपवणार? तर म्हणाले, “फोनवर काय कळतंय?”

आणि खरंच कळलं नाही रे. दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल यायचा. मी त्यांना खिडकीपाशी बसवायची, फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि हनुवटी धरून त्यांचा चेहरा फोनकडे वळवायची. तू काही दाखवलंस की मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात ठेवला की त्यांनी ‘छान’ म्हणायचं. तुझं नवं घर, अनिताचं डोहाळजेवण, तू आणलेला पाळणा, सगळ्याला ते तसंच छान म्हणाले. कॉल संपला की मला सगळं सविस्तर विचारायचे. पाळण्याचा रंग कोणता, हेसुद्धा.

आता त्या रविवारचं सांगते. तू आम्हाला आपणहून काही सांगितलं नाहीस. पण निडीहून अनिताच्या आईचा फोन आला, तेव्हा सगळं कळलं.

तुझा कॉल उचलून, चित्र यायच्या आधीच मी कुकर उतरवायला आत गेले होते. तू फक्त “बाबा, हे बघा,” एवढंच म्हणालास. तुझा आवाज बसलेला होता, स्वयंपाकघरातून मला ती सर्दी वाटली. मग काहीच ऐकू आलं नाही. बाबांनी वाट बघितली. गुडघ्यावर हात नव्हता, पण तू काहीतरी दाखवतोयस हे त्यांना कळलं होतं. ते नेहमीसारखे हसले आणि म्हणाले, “वा! छान. फार छान.”

मी धावत आले तोवर तू फोन ठेवला होतास. बाबा म्हणाले, “रेंज गेली वाटतं.”

चार दिवसांनी अनिताच्या आईनं सांगितलं. सातव्या महिन्यात बाळ गेलं. तुला बोलता येईना, म्हणून पाळणा सुटा करून भिंतीला टेकवला होतास, तो तू बाबांना दाखवलास. त्या म्हणाल्या, “रितेश अनिताला म्हणाला, माझ्या बापानं बघितलं आणि हसला. आता मी त्यांच्याशी बोलायचा नाय.”

बाबांना सांगणं मला भाग होतं. त्यांनी विचारलं, “मुलगा व्हता का मुलगी?” मी म्हटलं, मुलगी. त्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला. “आणि मी छान म्हटलं?” दिवसभर ते हेच विचारत राहिले. मी कपडे वाळत घालत होते तर तिथं भिंत धरत आले आणि पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हॉइस मेसेज लावायला सांगितलं. “रितेश,” म्हणाले आणि पुढं शब्दच फुटेना. तसाच पाठव म्हणाले. तो तू अजून ऐकलेला नाहीस.

काल ते आपणहून म्हणाले, “लिही त्याला, मला दिसत नाय. आन् हेबी लिही, की लपवायला मीच सांगितलं, नमूला बोल लावू नको.” पण हात तर माझाच होता ना त्यांच्या गुडघ्यावर. तू तुझं दुःख बोलला नाहीस आणि आम्ही आमचं. दर रविवारी एकमेकांना हसरी तोंडं तेवढी दाखवत राहिलो.

तू ये असं मी म्हणत नाही. अनिताला सोडून येऊ नकोस. तिच्या पाठीवर माझ्या वतीनं हात फिरव. जमेल तेव्हा साधा फोन कर, बिनचित्राचा. बोलता आलं नाही तर बोलू नकोस, रडलास तरी चालेल. बाबा फोन कानाला धरून बसतील. तू ठेवेपर्यंत इकडून कुणी ठेवणार नाही.

बाळाचं नाव ठरवलं होतंत का? बाबांनी विचारायला सांगितलंय. त्यांना तिला नावानं आठवायचंय.

खाली सही बाबांची आहे. ओळ सोडून कागदाच्या कडेला गेली आहे. मी हात धरणार होते, त्यांनी धरू दिला नाही.

तुझी,
नमूताई

       है ब त
              राव