हिरवळीखालचा ओक

विसेलिया, कॅलिफोर्निया
१२ फेब्रुवारी १९८९

ती. फिडेन्सिओमामांना,
नोएमीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुम्ही गावी हेरेसला परत गेलात त्याला सहा महिने झाले, तरी तुमचा ट्रक अजून माझं ऐकत नाही. तिसरा गिअर टाकताना तुमच्याच शिव्या द्याव्या लागतात, तेव्हा कुठे पडतो. तुमच्या बागा मात्र चौदाच्या चौदा राखल्या आहेत. मामीला सांगा, भाची उपाशी नाही.

आता बातमी. मी लँडस्केप कंत्राटदाराच्या परवान्याची परीक्षा देणार आहे. हसू नका. परवाना नसला की आपण फक्त गवत कापायचं. भिंत बांधली, फवाऱ्यांच्या नळ्या टाकल्या की दंड. तुम्ही सव्वीस वर्षं लपूनछपून केलंत, मला ते जमायचं नाही. पुस्तक विटेएवढं जाड आहे. पाणी घरापासून लांब जायला उतार किती हवा, बागेचं पाणी उलटं पिण्याच्या नळात शिरू नये म्हणून कुठली झडप लावायची, मातीचा आंबटपणा कसा मोजायचा, सगळं आहे. खणायच्या आधी फोन करायचा, मग माणसं येऊन खालून नळ्या-तारा जातात तिथे जमिनीवर रंग मारून जातात, गॅसला पिवळा, टेलिफोनला नारिंगी. ते वाचताना तुमची कुदळ आठवली. अख्ख्या गल्लीचे फोन दोन दिवस मुके झाले होते आणि तुम्ही शेजारच्या कुत्र्याकडे बोट दाखवत होतात!

अर्जाला एक कागद जोडावा लागतो. मी चार वर्षं हे काम केलेलं ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्याची सही. आपल्या जुन्या गिऱ्हाईक लिंडक्विस्टबाई सही करते म्हणाल्या. दहा जूनला त्यांच्या नातीचं लग्न आहे, त्यांच्या अंगणातल्या तुमच्या ओकच्या झाडाखाली, दोनशे खुर्च्या मांडून. फिडेन्सिओने ती हिरवळ केली नसती तर चर्चच्या हॉलमध्ये उरकावं लागलं असतं, असं म्हणत होत्या. गेल्या उन्हाळ्यात ओकची पानं मला जरा विरळ वाटली. काय करू ते कळवा.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची नोएमी

---

हेरेस, साकातेकास
१ मार्च

चि. नोएमीस,
मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

परीक्षा दे, जरूर दे. आपल्या घराण्यात कागदावर शिक्का असलेला एक तरी माळी होऊ दे. कुत्र्याची गोष्ट मात्र तिथे लिहू नकोस. तो कुत्रा मेला, त्याचं नाव कशाला खराब करायचं.

ओकची काळजी करू नकोस, ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे. १९७९ साली मी तिथे गेलो तेव्हा खाली वाळलेलं गवत आणि मुळ्या सगळ्या उघड्या पडलेल्या. मला बघवेना. दोन ट्रक माती आणून मुळ्या झाकल्या, पार बुंध्यापर्यंत लॉन लावलं, आठ फवारे बसवले. लिंडक्विस्टसाहेब तेव्हा आजारी होते, खिडकीतून बघत आणि मला हात करत. बाळ, भांडी धुतलेलं पाणी जपून लिंबाच्या झाडाला घालणाऱ्या आईचा मी मुलगा. तहानलेलं झाड टाकून पुढे जाणं मला पाप वाटतं. पानं विरळ झाली म्हणजे तहान लागली. एप्रिलपासून पाणी दुप्पट कर.

डिसेंबरात बुंध्याशी मधाच्या रंगाची अळंबी आली होती का? मामी अजून तिच्या नावाने सुस्कारे टाकते. कांदा आणि सुक्या मिरचीत परतलेली ती अळंबी नसली तर नाताळ कसला, म्हणते. जमीन खूश असली की न मागता देते, हे तुझ्या पुस्तकात आहे का बघ.

लोभ आहेच, पत्रातून दिसू दे.
तुझा मामा

---

विसेलिया
२६ मार्च

ती. मामांना, नमस्कार, वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून तीनदा फाडलं. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात पुस्तकातलं मोठ्या झाडांचं प्रकरण उघडलं. त्यात लिहिलंय की इथला जुना ओक उन्हाळाभर कोरडा राहायला शिकलेला असतो. उन्हाळ्यात त्याच्या बुंध्याशी पाणी दिलं तर मुळं कुजतात. वर माती चढवली तर मुळांचा श्वास कोंडतो. आणि बुंध्याशी लॉन कधीही लावू नये. मामा, मला वाटलं कुणीतरी बाईंच्या अंगणात उभं राहून हे लिहिलंय.

सोमवारी बाई बाजारात गेल्या तेव्हा मी हातांनी माती उकरली. वीतभर खाली गेले तरी बुंध्याचा पाया लागेना. लागला तेव्हा सुरी टेकवली, तर साल भिजलेल्या पावासारखी निघून हातात आली. आत पांढरी बुरशी, पंख्यासारखी पसरलेली. आणि तो वास! मामा, तो आपल्या स्वयंपाकघराचा वास होता. नाताळात मामी परतायची त्या अळंबीचा. ती अळंबी म्हणजेच त्या कुजण्याचं फळ असतं, असं पुस्तकात चित्रासकट दिलंय. इतकी वर्षं आपण त्या झाडाचा आजार चवीने खाल्ला.

पुढे आणखी एक वाक्य आहे. असं झाड हिरवंगार दिसत असतानाच पडतं, वारासुद्धा लागत नाही.

फवारे मी बंद केले आहेत. बाईंना अजून काही बोलले नाही. सांगितलं तर सही गेली, आणि ही बातमी चौदा बागांत फिरेल. तुमचं नाव जाईल, माझं पोटही. नाही सांगितलं तर दहा जूनला दोनशे माणसं त्याच्याखाली बसतील. मी काय करू? तुम्हाला असं लिहिताना मला स्वतःची शिसारी येतेय.

रागावलात तरी टाकू नका.
तुमची नोएमी

---

हेरेस
११ एप्रिल

चि. नोएमीस, आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकवाल्याने कधी हातात फावडं धरलंय का, ते आधी विचार. सव्वीस वर्षं मी झाडं जगवली. तुला गुलाबाची फांदी कुठे कापायची ते माझ्या हातांनी दाखवलं. आणि तू मला लिहितेस की झाड मी मारलं? पाणी पाजून कुणी मरतं का? चार बुकं वाचलीस की लगेच मामाला शहाणपण. त्यापेक्षा ते...

१३ एप्रिल

वरचं फाडणार होतो, पण राहू दिलं. तुझा मामा कसा आहे ते तुला कळलेलं बरं.

मामीला सांगितलं तर ती परातीतलं पीठ तसंच टाकून उठली आणि परसात जाऊन बसली. मी त्या ओकजवळची एकेक गोष्ट आठवत बसलो. साल काळी पडत होती, मला वाटलं वय झालं. एक फांदी वाळली, मी पाणी वाढवलं. झाड मला ओरडून सांगत होतं आणि मी त्याच्या तोंडात नळी धरत होतो.

अजून एक आहे, ते ऐक. ती हिरवळ इतकी नावाजली गेली की पुढच्या दोन वर्षांत मी आणखी तीन ओकांना तसंच केलं. मॅककॉर्डच्या अंगणातला ओक आणि शाळेमागचे दोन. हो, शाळेमागचे. तिथे मुलं खेळतात. आज जा आणि तिथले फवारे बंद करायला लाव.

बाईंना सांग. सही गेली तर जाऊ दे, परीक्षा पुढच्या वर्षी पण असते. माझं नाव राखायला माणसं त्या झाडाखाली बसवू नकोस. सोबत चिठ्ठी आहे, ती त्यांना इंग्रजीत वाचून दाखव. मी लिहिलंय की हे फिडेन्सिओने केलं, न कळून केलं, मुलीचा यात काही दोष नाही, आणि साहेबांच्या आठवणीचं झाड घालवल्याबद्दल मी त्यांची माफी मागतो.

तू लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या आशीर्वादात कमी होणार नाही.
मामा

---

विसेलिया
९ जून

ती. मामांना, नमस्कार, वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. दोन मेला बाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून तुमची चिठ्ठी वाचून दाखवली. माफीच्या ओळीला त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या फक्त आता जा म्हणाल्या. सहीचं मी विचारलंही नाही, पण त्यांनी कामावरून काढलंही नाही. आठवड्याने कळलं की लग्न चर्चच्या हॉलमध्ये हलवलंय. मॅककॉर्डला सांगितलं तर त्याने मला सरळ कामावरून काढलं. शाळेने फवारे बंद केले, मुलांनी झाडांखाली जाऊ नये म्हणून दोर बांधला.

काल गुरुवारी सकाळी साडेदहाला मी लिंडक्विस्टबाईंच्या फाटकाशी गवताच्या कडा कापत होते. वारा नव्हता. पान हलत नव्हतं, खोटं सांगत नाही. आधी जाड कापड फाटल्यासारखा आवाज आला. मी वर पाहिलं तर ओक चालायला निघाल्यासारखा कलत होता, सगळ्या पानांसकट. पडला तेव्हा माझ्या पायांखालची जमीन उडाली. जिथे उद्या खुर्च्या मांडल्या असत्या ती सगळी जागा त्याने झाकली. कुणाला काही झालं नाही. मी बघायला गेले तर खाली मुळं अशी नव्हतीच, काळा लगदा होता. एवढं झाड इतके दिवस कशावर उभं होतं, देव जाणे.

बाई अनवाणी बाहेर आल्या. हातात दोन कागद होते. एक माझा, सही केलेला. दुसरा जुना, घडीवर फाटत आलेला. झाडं तपासायला बोलावलेल्या एका माणसाचं पत्र. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या ओकला उन्हाळ्यात पाणी देऊ नका, मुळांवर माती टाकू नका, हिरवळ लावू नका, नाहीतर दहा-पंधरा वर्षांत झाड जाईल. तारीख मार्च १९७९. तुम्ही माती आणलीत त्याच्या तीन आठवडे आधीची.

बाई म्हणाल्या की साहेबांचे शेवटचे दिवस होते, त्यांना खिडकीतून हिरवं बघायचं होतं. माळ्याला सांगितलं असतं तर त्याने हात लावला नसता, म्हणून पत्र खणात ठेवलं. पंधरा वर्षं आपण तरी कुठे जगतोय, असं वाटलं होतं. मग साहेब गेले, हिरवळ राहिली, आणि सांगायचं राहून गेलं. झाड मरेल एवढं माहीत होतं, पडेल हे मनात आलं नव्हतं. तुमची चिठ्ठी ऐकून खरं बोलायचं धैर्य झालं नाही, असं म्हणत त्या रडत होत्या. मी सहीचा कागद घेतला. आभार मानले नाहीत.

मामा, त्या वसंतात तो कागद तुमच्या हातात पडला असता तर बाकीचे तीन ओक तुम्ही तसे केलेच नसते.

मला उद्याच्या लग्नाचं आमंत्रण आहे. मी जाणार नाही. शाळेमागचे ते दोन ओक जगतील का ते कुणी सांगू शकत नाही, पण बुंध्यावरची माती काढून बघता येतं. उद्या सकाळी मी फावडं घेऊन शाळेमागे जाते आहे.

तुमचीच, आणि तुमच्याच हाताखाली शिकलेली,
नोएमी